चौरागड चढताना भेटलेल्या मावशी

नागपूरच्या माणसाला पचमढी काही नवीन नाही. इंग्रजांच्या काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि उन्हाळा लागला की सरकारचा कारभार पचमढीला हलायचा, म्हणजे इथल्या उन्हाला कंटाळून डोंगरात जायची आपली सवय तशी जुनीच. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून विदर्भातली खेड्यापाड्यातली माणसं तिकडे जातच होती आणि ती काही थंड हवा खायला नाही, महादेवासाठी. पश्चिम महाराष्ट्रात महादेवाला जाणं म्हणजे शिखर शिंगणापूर असेल, आमच्याकडे 'महादेवाले जाणं' म्हणजे पचमढी, आणि त्यातही चौरागडाचं शिखर. माझी आजी महाशिवरात्रीच्या यात्रेला गावातल्या बायकांसोबत जायची, अनवाणी, डोक्यावर शिदोरीचं गाठोडं घेऊन, आणि आई तेव्हा लहान, घरी गुरंढोरं आणि धाकटी भावंडं बघायला कुणीतरी पाहिजे म्हणून ती दरवेळी मागे राहायची. तिने चौरागड फक्त ऐकलेला, आजीच्या तोंडून, गाण्यातून. हे मला इतकी वर्षं नीटसं माहीतच नव्हतं. आई असं काही स्वतःहून सांगत नाही.

तर दिवाळी आटोपली, पोरांना सुट्ट्या उरल्या होत्या, दादा म्हणाला चला वीकेंडला कुठेतरी जाऊन येऊ, आणि चिखलदरा की पचमढी असं दोन दिवस फॅमिली ग्रुपवर चाललं आणि शेवटी पचमढी ठरलं. आई, मी, नवरा, आमची आठवीतली मुलगी, दादा-वहिनी आणि त्यांचा पोरगा. सात सीटांची गाडी, डिकीत बॅगा, मधल्या सीटवर आईच्या पायाशी चिवड्याचा डबा. ठरवलेलं सगळं म्हणजे धबधबा, पॉइंट, सूर्यास्त, संध्याकाळी बाजारात फिरणं. आमच्या घरात कुणी कधी डोंगर चढलेलाच नाही. पुण्या-नाशिकची पोरं कॉलेजात असताना दर रविवारी कुठल्यातरी किल्ल्यावर असतात, त्यांच्या पायाला ती सवय असते, आणि आपण वाढतो ३१० मीटर उंचीवरच्या सपाट शहरात, जिथे चढ म्हणजे सेमिनरी हिल्सचा रस्ता आणि तोही आपण गाडीनेच चढतो. चांगली गोष्ट की वाईट ते सोडा, पण आहे ते असं आहे आणि पचमढीला जाणाऱ्या बहुतेक नागपूरकर कुटुंबांचं असंच असतं म्हणून हे लिहून ठेवते आहे.

रस्ता मस्त आहे बरं का. सावनेर, सौंसर, मग रामाकोना सोडलं की सिल्लेवानीचा घाट लागतो, तिथे दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, आणि या दिवसात रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. छिंदवाड्याला चहा घेतला, पुढे तामिया, देलाखारी, मटकुली करत पोचेस्तोवर रात्र झाली होती. मटकुलीनंतरचा चढ सुरू झाला तशी काच खाली केल्यावर गार हवा एकदम तोंडावर आली. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं म्हणतात, आणि पचमढी नागपूरपेक्षा साडेसातशे मीटर उंच, म्हणजे स्वेटर लागणारच. स्वेटर आईनेच सगळ्यांचे आणले होते.

शनिवारी सकाळी जिप्सी केली. हांडी खोह झालं, प्रियदर्शिनी पॉइंट झाला, पोरांनी फोटो काढले, आणि मग जिप्सी बडा महादेवला आली. गुहेत वरून थेंब थेंब पाणी गळतं, खाली कुंड, आत गारवा इतका की बाहेर आल्यावर ऊन बरं वाटलं. शेजारीच गुप्त महादेव, तिथे दोन खडकांच्या मधल्या फटीतून आडवं होऊन आत जावं लागतं, सरळ छातीने जाताच येत नाही. भस्मासुर मागे लागला तेव्हा शंकर इथे लपले होते अशी कथा आहे. आई त्या फटीतून बाहेर आली आणि समोरच्या दुकानात टांगलेल्या त्रिशुळांकडे बघत उभी राहिली. बोटाएवढ्या त्रिशुळापासून माणसाच्या उंचीच्या त्रिशुळापर्यंत सगळे. दुकानदाराला तिने विचारलं की वरची वाट कोणती. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मी चौरागडावर जाऊन येते, तुम्ही इथे थांबा."

आता आईचं वय पासष्टच्या वर, उजवा गुडघा दुखरा, बीपीची गोळी रोजची. नवरा म्हणाला आई आपण उद्या विचार करू. दादाने मोबाइलवर बघायला घेतलं पण रेंज नव्हती. आणि आई दुकानदाराकडून हाताच्या पंजाएवढा एक त्रिशूळ घेऊन पदरात बांधून मोकळी पण झाली. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी म्हटलं, चला, सगळेच जाऊ. तेव्हा बाराला थोडाच वेळ होता. आमच्याजवळ पाण्याच्या दोन बाटल्या, एक बिस्किटचा पुडा, दादाच्या खिशात गोळ्या. वहिनीच्या पायात नव्या सँडल, माझ्या मुलीच्या पायात सपाट तळव्याच्या बेल्या, आईच्या पायात रबरी चप्पल. सकाळी हॉटेलातून लवकर निघायचं म्हणून वहिनीने नुसता चहा घेतलेला.

चौरागडाची वाट साधारण साडेतीन-चार किलोमीटर आहे. सुरुवातीला जंगलातून जाते, बऱ्यापैकी बांधलेली, मध्ये मध्ये झोपडीवजा दुकानं, लिंबू शरबत, पोहे, मॅगी. मग शेवटी पायऱ्या, आणि त्या पायऱ्या तिथे सगळे तेराशे सांगतात. शिखर १३०० मीटरच्या वर आहे, सातपुड्यातल्या मोठ्या शिखरांपैकी एक. सगळ्यात उंच तो धूपगड, १३५० मीटर, पण धूपगडावर गाडी जाते, इथे पायाशिवाय दुसरा मार्ग नाही. झाडं बघण्यासारखी. आपल्याकडचा साग आणि तिकडचा साल अशी दोन्ही जंगलं पचमढीच्या या भागात एकमेकांना भेटतात, त्यामुळे खाली बघितलं तर सागाचं ते मोठं खरखरीत पान आणि शेजारी सालाचं गुळगुळीत पान, दोन्ही एकाच वाटेवर पडलेली.

पोरं आणि दादा पहिल्याच वळणाला पळत पुढे गेले. वहिनी त्यांच्या मागे, तिलाही जोर आला होता. मी आणि आई मागे, नवरा आमच्या मागे. आणि बघता बघता, अजून पायऱ्या लागल्या पण नव्हत्या, एका वळणावर वहिनी दगडावर बसलेली दिसली, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, ओठ सुकलेले, म्हणते डोळ्यापुढे अंधारी येऊन राहिली. दादा वारा घालतोय, पोरं घाबरलेली. एका बाटलीतलं पाणी तोपर्यंत पोरांनी संपवलं होतं. मी खरं सांगते, त्या वेळी मी ठरवलं होतं की आता परत फिरायचं.

तेवढ्यात खालून आवाज आला. "एक नमन गौरा पार्वती..." आणि त्याच्या मागे सगळ्यांचा एकदम, "हर बोला हर हर महादेव!" आठ-दहा बायका आणि दोन-तीन माणसं, वरूडकडची. संत्र्याचा भाग तो, हंगाम सुरू व्हायच्या आत नवस फेडायला आले होते. एका माणसाच्या खांद्यावर लाल कपड्यात गुंडाळलेला मोठा त्रिशूळ. बायका सगळ्या साठीच्या आसपास, नऊवारी वर खोचलेली, काहीजणी अनवाणी, काहींच्या पायात आईसारखीच रबरी चप्पल. त्यातली एक मावशी, बारीक, उंच, कपाळावर मोठं गोंदण, तिने वहिनीकडे एकदा बघितलं आणि आम्हाला कुणालाच काही न विचारता कामाला लागली.

"सरका बाप्पा, हवा येऊ द्या तिले. तू आडवी हो वं माय. पाय वर ठेव, या दगडावर."

वहिनीला सावलीत आडवं केलं, पाय दगडावर उंच ठेवले, सँडल काढल्या. मग सावकाश उठवून बसवलं आणि आपल्या पिशवीतली बाटली काढून टोपणाने पाणी पाजलं, एकेक टोपण, घटाघटा पिऊ दिलंच नाही. त्यात साखर आणि मीठ घातलेलं होतं. सकाळी काय खाल्लं विचारलं, वहिनी म्हणाली चहा. मावशीने दुसरीला हाक मारली आणि तिच्या गाठोड्यातून गुळाचा खडा आणि दशमीचा तुकडा आला, त्यावर जवसाची चटणी. म्हणे हळूहळू चाव. वीसेक मिनिटांत वहिनीच्या तोंडावर रंग आला. ते साखर-मिठाचं पाणी म्हणजे दुसरं काही नाही, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, जे आपण जुलाब झाले की करतो तेच. घाम गेला की नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं, आणि साखर-मीठ सोबत असलं की आतडं पाणी जास्त लवकर शोषून घेतं. घरी प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट, डोंगरावर बाटलीत भरून न्यायची हे त्या मावशीच्या अंगवळणी होतं.

मग तिने विचारलं, वर जायचं का खाली? आई काही बोलली नाही, नुसती पदरातला त्रिशूळ धरून उभी होती. मावशीने ते बघितलं. म्हणाली, "चाला मंग आमच्यासंग. पण माह्या चालीनं चालायचं. पयायचं नाही. डोंगर काही पयून नाही जाऊन राह्यला."

आणि इथून पुढे मी जे बघितलं त्यासाठी हा सगळा लेख लिहिते आहे. आपण चढ कसा चढतो? जोरात दहा-पंधरा पायऱ्या, मग धाप, मग उभं राहून कमरेवर हात, मग पुन्हा जोरात. ती मावशी तशी एकही पायरी चढली नाही. मी तिच्या बरोबर मागे होते, माझी नजर तिच्या पायावरच होती. ती पाऊल टाकायची ते पूर्ण तळवा पायरीवर टेकवून, टाच पण आत, अर्धं पाऊल बाहेर लोंबतंय असं कधीच नाही. मग त्या पायावर वजन घ्यायची, गुडघा सरळ करायची, आणि तो सरळ झाला की क्षणभर थांबायची, इतकं थोडं की लक्षातही येत नाही, आणि मगच मागचा पाय उचलायची. हात मांडीवर. पायऱ्यांवर सरळ रेषेत नाही, थोडं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी तिरकी जायची, म्हणजे चढाचा उभेपणा थोडा कमी. मी तसं करून बघितलं आणि दहा मिनिटांनी माझी धाप बसली होती, चालता चालता. थांबून नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की मोठ्या पहाडांवर जाणारे गिर्यारोहक हेच करतात, मागचा पाय सरळ करून हाडांवर वजन घेतात म्हणजे तेवढा क्षण मांडीच्या स्नायूला आराम मिळतो. त्यांना ते कोर्समध्ये शिकवतात. या बायकांना त्यांच्या आयांनी शिकवलं.

आणि ते गाणं. आम्हाला वाटायचं की भक्ती म्हणून म्हणतात, आणि आहेच ती भक्ती, त्यात शंकाच नाही. पण एक म्हणते, बाकीच्या उत्तर देतात, म्हणजे प्रत्येकीला दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला जागा मिळते आणि जी उत्तर देऊ शकत नाही तिची चाल जास्त झाली हे सगळ्यांना लगेच कळतं. डॉक्टर लोक व्यायाम करताना सांगतात नं की बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग कमी करा, तेच. मध्येच एका काकूचा आवाज बंद झाला तर पुढची मावशी मागे न बघता थांबली. "बसा वं जराशा." सगळ्या बसल्या. कुणी तिला विचारलं नाही काय झालं, कुणी चिडवलं नाही, म्हणजे जी थकली तिला सांगायची वेळच येऊ दिली नाही. माझ्या मुलीने हे बघितलं, मला हळूच म्हणाली, "मम्मा, आपल्या पीटीच्या सरांपेक्षा या भारी आहेत."

आई त्यांच्यात मिसळून गेली होती. तिला ती गाणी येत होती! मला माहीतच नाही. आजीची गाणी, महादेवाला जायची, पोराबाळांची, माहेरची, गौराईची, आई त्यांच्यासोबत म्हणत होती, आणि जिथे तिचे शब्द वेगळे होते तिथे त्या बायका थांबून विचारायच्या, तुमच्याकडे असं म्हणतात का, पुन्हा म्हणा. नवऱ्याने कॅमेरा बॅगेत टाकला आणि ती बॅग स्वतःच्या पोटाशी बांधून आईच्या बरोबर एक पायरी मागे चालत राहिला, शेवटपर्यंत. तो देवाधर्माचा माणूस नाही. पण तो पूर्ण रस्ता आईच्या मागे होता.

माकडांचं मात्र सांभाळा. लाल तोंडाची, दुकानांच्या आसपास टपून बसतात आणि हातातली पिशवी सरळ ओढतात. भाच्याच्या हातातला बिस्किटचा पुडा असाच गेला. त्रिशूळवाल्या काकांनी काठी नुसती जमिनीवर आपटली तशी पळाली. खायचं सगळं बंद बॅगेत, पाठीवर, आणि त्यांना खायला घालायचं नाही, हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आपल्या बिस्किटांची त्यांना सवय लागली की पुढच्या माणसाला त्रास.

वर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. शेवटच्या पायऱ्यांच्या आधीपासूनच त्रिशूळ दिसायला लागतात, कठड्याला टेकवलेले, एकावर एक, गंजलेले, नवे, शेंदूर लावलेले, काहींवर गावाचं नाव कोरलेलं. हजारोंनी. काही तर एका माणसाला उचलणार नाहीत एवढे, ते गावच्या गावाने मिळून खांद्यावर आणलेले असतात. चौरा बाबांनी इथे तप केलं, शंकर प्रसन्न झाले आणि आपला त्रिशूळ इथेच ठेवून गेले, म्हणून नवस फेडताना त्रिशूळ वाहायचा अशी रीत. वरूडच्या मंडळींनी त्यांचा मोठा त्रिशूळ कपड्यातून काढला, पूजा केली. आईने पदराची गाठ सोडली. तिचा पंजाएवढा त्रिशूळ तिने त्या मोठ्याच्या शेजारी ठेवला आणि म्हणाली, "माझ्या आईकडनं." एवढंच. मग ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. समोर सातपुड्याच्या रांगांमागे रांगा, धूपगड, खाली दरीत नुसतं जंगल. मी तिच्या जवळ गेले तर ती रडत होती पण चेहरा इतका मोकळा की मी तिला काही बोलले नाही.

मावशींनी आम्हाला जास्त वेळ बसू दिलं नाही. "उतरायचं हाये नं? दिवस लहान झाला आता." आणि हे किती महत्त्वाचं होतं ते उतरताना कळलं. नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जंगलात दरीच्या बाजूला तर त्याच्याही आधी अंधारतं. सगळ्यांना वाटतं चढणं कठीण, उतरणं काय, आपोआप होतं. तसं नाही हो. चढताना फुप्फुसं आणि हृदय काम करतात, दमलात तर थांबता येतं, श्वास परत येतो. उतरताना काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं आणि गुडघ्याचं. प्रत्येक पायरीला शरीर खाली येतं आणि तो स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, आणि पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीपेक्षा जास्त भार येतो. त्यात आईचा गुडघा. त्यात वाळलेली पानं, आणि ती सालाची पानं पायऱ्यांवर अशी सरकतात की विचारू नका. माझ्या मुलीच्या सपाट बेल्या तर पूर्ण कुचकामी, तळवा घासून गुळगुळीत, दोनदा ती बसकण मारून पडली, नशीब मागे पडली. दादाने शेवटी तिला आपले सँडल दिले, पट्टे आवळून, आणि स्वतः मोज्यांवर उतरला. त्याने रस्ताभर एक शब्द तक्रारीचा काढला नाही, हे मला इथे लिहून ठेवायचंय.

आईला मावशीने आडवं उतरायला लावलं. म्हणजे अंग वाटेला काटकोनात, आधी चांगला पाय वर ठेवून दुखरा पाय खाली टेकवायचा, मग चांगला पाय त्याच पायरीवर आणायचा, एका पायरीवर दोन्ही पाय, आणि काठी दरीच्या बाजूला नाही तर डोंगराच्या बाजूला. वर जाताना चांगला पाय पहिला, खाली येताना दुखरा पाय पहिला. आईच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी जिन्यासाठी हेच सांगितलं होतं, कागदावर चित्र काढून, आणि ते चित्र घरी फ्रिजवर लावलेलं आहे, पण मला ते तेव्हा आठवलं नाही, मावशीने करून दाखवलं तेव्हा आठवलं. दर थोड्या पायऱ्यांनी त्या मांड्या चोळायला लावायच्या. एका दुकानातून शेवटची दोन लिंबू शरबतं मिळाली ती मीठ जास्त घालून घेतली. शेवटचा टप्पा मोबाइलच्या टॉर्चवर उतरलो, दोनच फोनमध्ये चार्ज होता, एक सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे, आणि मधे माणूस माणसाला हात लावून. जिप्सीवाला भाऊ आमची वाट बघत वाटेच्या तोंडाशी येऊन उभा होता, हातात मोठी बॅटरी घेऊन. चांगला माणूस. घामाने भिजलेले कपडे आणि उघडी जिप्सी, तेव्हा जी थंडी वाजली ती हाडांत गेली, स्वेटर हॉटेलात होते. कोरडा टीशर्ट आणि स्वेटर बॅगेत असणं किती गरजेचं ते तिथे कळतं.

वरूडची मंडळी रात्री धर्मशाळेत मुक्काम करून पहाटेच्या गाडीने निघणार होती. निरोप घेताना आईने मावशीच्या हातात पैसे ठेवायला बघितलं तर तिने आईचा हात बंद केला आणि म्हणाली, "असं नोको करू वं बाई, महादेवाच्या वाटंवर हिसाब नसते." वहिनी तिच्या पाया पडली. आम्ही सगळेच पडलो.

रविवारी परत येताना छिंदवाड्याला गाडीतून उतरणं म्हणजे शिक्षा होती आणि सोमवारी ऑफिसचा जिना त्याहून वाईट, कारण ही अंगदुखी उशिरा येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग हळूहळू उतरते. घाबरायचं नाही, ती त्या ब्रेक लावलेल्या स्नायूंची असते. बसून राहिलं की जास्त आखडतं, थोडं चालत राहायचं. पण सांधा सुजला, एका ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं तर डॉक्टरकडे जा, आणि चढताना छातीत दाब आला किंवा हाताकडे कळ गेली तर मग देवदर्शन-बिवदर्शन काही नाही, तिथल्या तिथे बसायचं आणि मदत बोलवायची. बीपी-शुगरवाल्यांनी जायच्या आधी डॉक्टरांना विचारून जा. आईला आम्ही परत आल्यावर दाखवलं, सगळं ठीक निघालं, गुडघ्याला पट्टा दिला.

आता घरात वेगळाच वाद सुरू आहे. आईला नागद्वारी करायची आहे. चौरागड झाला तर नागद्वारी का नाही, असं तिचं म्हणणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नागद्वारीची यात्रा नागपंचमीच्या आसपास दहा-बारा दिवसच उघडते, बाकी वर्षभर तो भाग बंद कारण तो सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, आणि नागपूर-विदर्भातून तेव्हा लोकांची रीघ लागते. पण ती भर पावसातली, चिखल, धुकं, ओढे, काही ठिकाणी लोखंडी शिड्या. दादा म्हणतो जाऊ, मी बघतो आईला. माझं मत स्पष्ट आहे, या वर्षी नाही. आधी रामटेक, अंबाळा तलावाच्या बाजूने गडमंदिराच्या पायऱ्या, दर पंधरा दिवसांनी, सकाळी सात वाजता, बाटलीत मीठ-साखरेचं पाणी घेऊन, मावशीच्या चालीने, आणि उतरताना आडवं. वहिनीने परवा सीताबर्डीतून सगळ्यांसाठी खाचा असलेल्या तळव्याचे बूट आणले, आईसाठी पण, पांढऱ्या रंगाचे. आई म्हणते मला रबरी चप्पलच बरी. त्यावर अजून एकमत झालेलं नाही.